बाटली आडवी धरताना

मोहन नेरूरकर गेल्याचा फोन खालच्या मजल्यावरच्या शहाकाकूंकडे आला, कारण आमच्या घरी फोन नाही. सकाळची वेळ होती, माझे हात कणकेत होते. काकूंनी जिन्यातून हाक मारली, "सुलभाबेन, मुलुंडथी फोन छे, जल्दी आवो!" घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकूंची हाक म्हणजे एकतर पाहुणे नाहीतर संकट, आणि पाहुण्यांच्या हाकेत घाई नसते. मी तशीच कणकेच्या हातांनी खाली गेले. फोनवर वैजू होती, मोहनची बायको. "गेले" असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "सुलूताई, हे उठत नाहीयेत हो." मी म्हटलं, "अगं, डॉक्टरांना बोलाव आधी!" त्यावर ती म्हणाली, "डॉक्टर इथेच आहेत…"

नोव्हेंबर संपत आला होता आणि त्या सकाळी हवेत पहिल्यांदाच गारवा होता. शहाकाकूंच्या दारात उभी असताना पायांना फरशी गार लागली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की थंडीने त्याला शेवटी गाठलंच. डॉक्टरांनी कारण सांगितलं त्यात "गुठळी" असा शब्द होता. त्याचा मी काही अर्थ लावणार नाही, आणि दुसऱ्या कोणी लावलेला मला आवडणारही नाही. पंचेचाळिशीही न गाठलेला माणूस झोपेत जातो, एवढं पुरेसं वाईट आहे. काही आठवडे गेल्यावर आता कुठे हे लिहायला हात वळतो आहे.

मुंबईत थंडी पडली की सगळं शहर खूश होतं. ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघतात, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि तरी माणसं ते हौसेने घालून मिरवतात. मोहनला मात्र या थंडीची भीती वाटायची. सर्दीपडशाची म्हणाल तर ती नव्हे. खाडीच्या तळाशी लोखंडी पाइपलाइनमध्ये जे पडून असतं, त्याची. डिसेंबर उजाडला की त्याचं बोलणं कमी व्हायचं, जेवण अर्धं व्हायचं. लोक म्हणायचे, किती झकास हवा पडलीय! तो नुसता मान हलवायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा.

आम्ही दोघं एम.एस्सी.ला एका वर्गात होतो आणि पुढे एकाच तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो. मानखुर्दच्या पलीकडे, तेलाच्या टाक्यांच्या सावलीत आमची ती बसकी इमारत. जमिनीतून निघणारं कच्चं तेल म्हणजे काळं आणि पाण्यासारखं वाहणारं, अशी बहुतेकांची समजूत असते. काही तेलं असतात तशी. पण आमच्याकडे जहाजाने येणारं एक तेल इतकं मेणचट होतं की गार झालं की थेट तुपासारखं थिजायचं. डबा उपडा केला तरी थेंब पडायचा नाही. असलं तेल जेटीपासून टाक्यांपर्यंत आणायचं, तेही खाडीच्या तळाने गेलेल्या जुन्या लाइनमधून. वाहतं आहे तोवर ठीक. थांबलं, गार झालं, की आतल्या आत थिजून बसणार. ते कसं वाहतं ठेवायचं, हे मोहनचं काम होतं, आणि शेजारच्या टेबलावर बसून त्याला चिडवायचं काम माझं.

चिडवण्याजोगा तो होताच. स्वच्छतेचं त्याला वेड. काचेची नळी धुतली की उजेडाकडे धरून बघायची, परत धुवायची, परत बघायची. मी म्हणायचे, "मोहन, त्या नळीला बघायला आज पाहुणे येणारेत का रे?" तो हसायचा आणि तिसऱ्यांदा धुवायचा. नमुन्याचं तेल डब्यातून थिजलेलं यायचं, ते वितळवल्याशिवाय चाचणी करता येत नसे. बाकीचे जरा पातळ झालं की काम सुरू करत. मोहन ते चांगलं कडकडीत तापवायचा, पार आरपार एकजीव होईपर्यंत. "एक कणी राहता कामा नये," हे त्याचं वाक्य. आमचे साहेब नव्या मुलांना त्याच्या टेबलाशी आणून दाखवायचे, की बघा, काम असं करतात.

चाचणी तशी साधी. काचेच्या नळीत तेल घ्यायचं, बर्फाच्या पाण्यात हळूहळू गार करायचं, आणि दर थोड्या अंशांनी नळी बाहेर काढून तिरपी करून बघायची. तेल हललं तर परत आत. हललं नाही तर नळी पूर्ण आडवी धरायची आणि पाचपर्यंत मोजायचं. तेवढ्यात तेलाचा काठ जागचा सरकला नाही, तर तेल थिजलं. मोहन कोपर बरगडीला टेकवून नळी धरायचा, म्हणजे हात थरथरू नये. ओठ हलायचे, आवाज नाही. ही सवय तो घरीही घेऊन गेला. त्यांच्याकडे खोबरेल गावाहून यायचं, घरच्या नारळांचं, आणि मोहरीच्या फोडणीपासून डोक्याला चोपडण्यापर्यंत सगळीकडे तेच. मुलुंडची हवा डोंगराकडची, आमच्या घाटकोपरपेक्षा थोडी गारच. हिवाळ्यात ते बाटलीत थिजायचं. मोहन रोज सकाळी आंघोळीआधी, पंचा गुंडाळलेला, खिडकीपाशी उभा राहून बाटली आडवी धरायचा आणि पाच मोजायचा. वैजू म्हणायची, "लोकांचे नवरे पेपर वाचतात…"

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नवं औषध आलं. औषध हा आमचा शब्द, पावडर होती ती, तेलात मिसळायची. थंड होताना मेणाचे बारीक पापुद्रे एकमेकांत अडकून जाळी धरतात आणि तेल त्यात कोंडलं जातं. हे औषध ती जाळी धरू देत नाही, असा बनवणाऱ्यांचा दावा होता. मोहनने पुष्कळ दिवस तपासलं आणि निकाल असा आला की आम्ही सगळे त्याच्या टेबलाभोवती गोळा झालो. नळी बर्फात गारेगार झाली तरी तेल वाहत होतं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मोहनने रिपोर्टवर सही केली, आणि त्या सहीवर एक निर्णय झाला. एरवी लाइन बंद ठेवायची असली की आतलं जाड तेल आधी हलक्या तेलाने पुढे ढकलून लाइन मोकळी करून घेत. डिसेंबरात पंपांची दुरुस्ती होती, लाइन काही दिवस बंद राहणार होती. या खेपेला ती यातायात नको, असं ठरलं. औषध घातलेलं तेल आहे, राहू दे आत. पंप थांबले आणि तेल खाडीखाली निजून राहिलं.

जेटीवरच्या पंप हाउसमध्ये मोहनचा धाकटा भाऊ दिगंबर कामाला होता. सगळे त्याला दिगू म्हणत. वडील गिरणीत होते, दिगूही गिरणीतच लागला होता, पण गिरणी बंद पडली आणि तो घरी बसला. तेव्हा मोहननेच कुणाकुणाला भेटून त्याला इथे चिकटवलं. गोवंडीला खोली घेऊन राहायचा, रविवारी आईच्या हातचं जेवायला मुलुंडला यायचा. मोहन जितका टापटिपीचा, तितका दिगू अघळपघळ. हसला की शेजारच्या बिल्डिंगपर्यंत ऐकू जाई. त्याच्या नोकरीचा विषय निघाला की मोहनच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं, मुलीचं लग्न बरं झालेल्या बापासारखं.

लाइन बंद असतानाच्या रविवारी, मोहनच्या न्हाणीत, सगळं उलटं झालं. नेरूरकरांच्या घरात खोबरेलाच्या दोन बाटल्या असायच्या, कारण सासू-सुनेचं तेल वितळवण्यावरून कधी पटलं नाही. आई बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवायची, वरवर पातळ झालं की झालं. वैजू बाटली गरम पाण्यात बुडवून पार नितळ करायची. दोन्ही बाटल्या न्हाणीच्या फळीवर शेजारी ठेवलेल्या. मोहन आंघोळीला गेला तेव्हा दोन्हींतलं तेल पातळ होतं. अंग पुसून केसांना तेल लावायला हात घातला, तर आईच्या बाटलीतलं पुन्हा घट्ट, आणि वैजूच्या बाटलीतलं वाहतंय. तेल एकच, फळी एकच, हवा एकच. तो ओल्या केसांनी तिथेच उभा राहिला. वैजूने दार वाजवलं तेव्हा कुठे बाहेर आला. जन्मभर हे रोज बघत होतो गं, असं तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, पण पाहिलं काल.

त्या सोमवारी तो माझ्याही आधी येऊन बसला होता. त्याने नमुना या वेळी कडकडीत तापवला नव्हता. जहाजातलं तेल आधी जेटीवरच्या टाकीत उतरायचं, तिथेच त्यात औषध मिसळत. त्या टाकीत तेल गरम ठेवायला वाफेची नळी होती, पण ती जुनी, अर्धी तुंबलेली. टाकीतलं तेल कोमटच राहायचं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तितकंच कोमट त्याने केलं, औषध घातलं आणि गार करायला ठेवलं. मग नळी काढून आडवी धरली. मी माझ्या टेबलावरून बघत होते. त्याचे ओठ हलले आणि थांबले. मी मनात पाच मोजले, मग दहा. तो नळी धरून उभाच. शेवटी त्याने ती हळूच उपडी केली. काळं तेल काचेला धरून वर तसंच लटकून राहिलं, काठसुद्धा वाकला नाही. "हलत नाही गं," तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात, जणू त्या नळीला ऐकू जाऊ नये.

मग त्याने मला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःही ऐकत होता. मेण पुरतं विरघळलेलं असेल तरच औषध त्यात शिरून काम करतं. कोमट तेलात मेणाच्या कण्या तशाच राहतात, त्यांच्यापुढे औषधाचं काही चालत नाही. उलट गार होताना नवं मेण त्या कण्यांना भराभर चिकटतं. तेलाला आठवण असते, तो म्हणाला, आपण त्याला शेवटचं किती तापवलं होतं याची. मी कडकडीत तापवून ती आठवण रोज पुसून टाकत होतो… आणि तिथे टाकीत ती कोणी पुसत नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी गबाळा माणूस असता, तर चूक पहिल्याच दिवशी कळली असती. ही चूक करायला मोहनइतकंच काटेकोर असावं लागतं. याचा मला आजही राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

आम्ही साहेबांकडे गेलो. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नेरूरकर, पहिल्या रिपोर्टवर सही कुणाची?"

"माझी, सर."

"मग तो चुकीचा आणि हा बरोबर, असं म्हणायचंय?"

"दोन्ही बरोबर आहेत, सर," मोहन म्हणाला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, पण त्याला खोटं बोलता येतच नव्हतं. निदान त्या दिवसापर्यंत.

साहेबांनी चष्मा काढला. तेल आता लाइनमध्ये पडलेलंच आहे, ते म्हणाले, त्याला बाहेर काढायला पंपच लागणार. जहाज जेटीला उभं आहे. आपण दाब हळूहळू वाढवू, माणसांना लाइनपासून लांब राहायला सांगू. बोलणं काही खोटं नव्हतं. मोहन म्हणाला, "सर, लाइनच्या वळणावरचा जोड जुना आहे. तो दाब घेणार नाही. आणि दाब दाखवणारा गेज त्याच्या शेजारीच आहे." साहेब म्हणाले, "गेज कुणीतरी वाचायलाच हवा ना, नेरूरकर?" आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात ऊन होतं, छान गार वारा होता, आणि कुणीतरी स्वेटर घालून चहा पीत उभं होतं.

पंप सुरू करायच्या दिवशी गेजवर दिगूची पाळी होती. मोहनने त्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, उद्या कामावर जाऊ नकोस. दिगू फोनवर इतका मोठ्याने हसला की मला माझ्या टेबलावर ऐकू आलं. "दादा, सगळे जातले आणि मी घराक बसू? लोक काय म्हणतले? तुझाच औषध ना ता? काय होवचा नाय!" मोहनने फोन ठेवला. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो सरळ फोनकडे गेला. जेटीचा नंबर फिरवला. दिगूला बोलवायला सांगितलं, आणि दिगू आल्यावर म्हणाला, "आईची तब्येत बरी नाही. असशील तसा निघ." पलीकडून दिगूचा आवाज एकदम बदलला. "आवशीक काय झाला?" मोहन म्हणाला, "ये तू. घरी ये." बस, एवढंच. मग तो सिंकपाशी गेला आणि हात धुवायला लागला. खूप वेळ धूत होता. मी विचारलं, "मोहन, आई बरी आहे ना?" त्याने परत साबण घेतला. मी विचारलं, "मग त्याच्या जागी कोण उभं राहणार?" पाणी चालूच होतं. "ते मला विचारू नकोस गं…" तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीला अवकाश होता तेव्हा खाडीकडून भोंगा ऐकू आला. सुट्टीचा भोंगा एकदा वाजून थांबतो. हा थांबेना. मोहन खुर्चीतून उठला नाही. त्याच्यासमोर धुतलेल्या नळ्यांचा स्टँड होता, तो त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

वळणावरचा जोड फुटला होता. दिगूच्या जागी हरी पाटील उभा होता, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, दिगूच्या बरोबरीचा. दिगूला धीर देऊन त्यानेच धाडलं होतं, जा रे, तुझी पाळी मी बघतो. जोडाचं लोखंड उडून त्याच्या पायावर बसलं. जीव वाचला, पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तिकडे दिगू मुलुंडला धापा टाकत पोचला, तेव्हा आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. तिने विचारलं, "आज ह्या वेळेक कसो रे?" आणि दिगू, वैजू सांगते, दारातच खाली बसला. आधी हसला म्हणे. हरीचं त्याला संध्याकाळी कळलं.

आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो, मोहन, दिगू आणि मी. हरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्धीवर होता. पायाकडची चादर एका बाजूला सपाट होती, तिकडे कोणीच बघत नव्हतं. हरीने आम्हाला ओळखलं. मोहनकडे बघून त्याने पहिलं काय विचारावं? "आय कशी हाय आता?"

मला वाटलं, आता मोहन सांगेल. दिगूही त्याच्याकडे बघत होता, पलंगाचा लोखंडी दांडा धरून. मोहनचे ओठ हलले, नळी आडवी धरल्यावर हलायचे तसे. मग तो म्हणाला, "बरी आहे. ताप उतरला."

"मंग झालं," हरी म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

दिगू वॉर्डातून निघून गेला. त्यानंतर तो भावाशी एक शब्दही बोलला नाही. पहिलं खोटं त्याने माफ केलं असतं असं मला वाटतं. त्याचा जीव वाचवणारं खोटं होतं ते. पण दुसरं… ते कुणाला वाचवत होतं? थोड्याच दिवसांत त्याने नोकरी सोडली आणि देवगडकडे गावी निघून गेला. चौकशी झाली, ठपका जुन्या जोडावर आला. मोहनला कोणीच दोष दिला नाही. उलट तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नमुना दोन्ही तऱ्हांनी तपासतात, कडकडीत तापवून आणि कोमट करून. नवी मुलं त्याला नेरूरकर पद्धत म्हणतात. हे नाव कानावर पडलं की तो खोलीतून बाहेर जायचा.

महिन्यातून एकदा तो हरीकडे जायचा. हरी दारात बसून जाळी विणायचा, दुरुस्त करायचा, आणि दर वेळी आईची चौकशी करायचा. दर वेळी! मोहन परत आला की मी तोंडाकडे बघूनच ओळखायचे, याही खेपेला सांगितलेलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, एकदा तोंड उघड ना! काय करेल तो? फार तर शिव्या देईल." तो म्हणाला, "शिव्या देणार नाही गं तो. तीच तर भीती आहे." मग म्हणाला, "सांगतो. थंडी संपू दे." पुढच्या वर्षीही तेच, थंडी संपू दे. उन्हाळ्यात विचारलं तर म्हणायचा, आता त्याचं जरा बरं चाललंय, कशाला? आणि थंडी परत यायची. आई खरोखरची गेली तेव्हा हरी कुबड्या घेऊन दोन जिने चढून आला. आईच्या पायाशी डोकं टेकून म्हणाला, "तवा वाचली होती माय…" दिगू गावाहून आला होता, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मोहनला मी त्या दिवशी पाहिलं आणि मला वाटलं, हा माणूस फार दिवस काढणार नाही. वाटलं ते वाटलं, ते मी कोणाला बोलले नाही.

आमची शेवटची भेट या दिवाळीतली, कारण त्यानंतर मी रजेवरच होते. मी फराळ घेऊन मुलुंडला गेले होते. थंडीचा पत्ता नव्हता, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि तरी तो खिडकीपाशी बाटली आडवी धरून उभा! मी म्हटलं, "अरे, पाण्यासारखं वाहतंय ते, काय बघतोस?" तो हसला. बाटली खाली ठेवून म्हणाला, "या थंडीत सांगून टाकतो, सुलू. थंडी संपायची वाट नाही बघत आता." मी म्हटलं, "खा ती चकली आधी." आमचं शेवटचं बोलणं हे असं, चकलीवर संपलं. मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी.

दिवस वगैरे झाल्यावर एका रविवारी सकाळी मी मुलुंडला गेले. दिगू अजून होता. केस उतरवलेला, दाढी वाढलेला, एकदम वयस्कर दिसायला लागलाय. त्याने मला आत बोलावलं आणि वैजूच्या देखत विचारलं, "दादान हरीक सांगितलेला?" मी मान हलवली, नाही म्हणून. चांगलीच थंडी होती, खिडकीतून डोंगर धुरकट दिसत होते. खिडकीत खोबरेलाची बाटली होती, थिजून पांढरी झालेली. मोहन गेल्यापासून तिला कुणी हात लावला नसावा. दिगू उठला, खिडकीपाशी गेला, आणि कोपर बरगडीला टेकवून त्याने बाटली आडवी धरली. हुबेहूब! वैजूने पदर तोंडाला लावला. तेल हललं नाही. मग त्याने बाटली दोन्ही तळव्यांत धरली आणि चोळायला लागला, काचेच्या कडेने तेल जरासं सुटायला लागलं.

"नको भावोजी, अर्धवट नको," वैजू म्हणाली. रडवेल्या आवाजातही तिचं ते घरचं दटावणं होतं. "हे म्हणायचे, एक कणी राहिली तरी परत थिजतं. वितळवायचं तर पुरतं वितळवा."

दिगू स्वयंपाकघरात गेला, पातेल्यात पाणी तापत ठेवलं आणि त्यात बाटली उभी केली. शेगडीपाशी तसाच उभा राहिला, दोन्ही हात मागे बांधून. वैजूने चहा केला तरी तो हलला नाही. पांढरं पातळ होत गेलं, तळाशी एक गोळा राहिला, त्याचा बुंदीएवढा ठिपका झाला, आणि तोही गेला. दिगूने बाटली फडक्याने काढून उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून बघितली. मग ती खिडकीत ठेवून तो चपला घालायला लागला.

"मी हरीकडे जातंय, वैनी," तो म्हणाला. "सगळा सांगान येतंय. दादाचा, आणि माझापण. गप तर मीय ऱ्हवलंय."

वैजूने त्याला थांबवलं नाही. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाताना आम्ही ऐकत होतो. मी खिडकीतली बाटली उचलली, अजून गरम होती, आणि आडवी धरली. तेल लगेच बुचापाशी आलं. तरीही मी पाचपर्यंत मोजलं.